हातात मावणारे जुने जपानी रोल-प्लेइंग गेम पुन्हा खेळताना वेग वाढवावा का?

तापीकाठ (भुसावळ)
१० मे, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. यंदा एप्रिल संपण्यापूर्वीच भुसावळात दुपारी रस्ते ओस पडू लागले. सुट्टीच्या एका दुपारी मी माळ्यावरची पत्र्याची पेटी उघडली, तर वर्तमानपत्रात गुंडाळलेला माझा हातात धरून खेळायचा गेमबॉय अ‍ॅडव्हान्स आणि 'गोल्डन सन' या रोल-प्लेइंग गेमची (ज्यात आपण एखाद्या पात्राची भूमिका घेऊन गोष्ट पुढे नेतो) कॅसेट तिच्यात निघाली. दुबईला कामाला असलेल्या मामेभावाने २००३ साली आखाजीला घरी येताना या दोन्ही वस्तू आणल्या होत्या आणि पुढची दोन वर्षे माझ्याजवळ ती एवढी एकच कॅसेट होती. यंत्राची एक कळ आता दाबली जात नाही. म्हणून आपल्या मंचावरील 'पांझराकाठचा' यांनी माझ्याच कॅसेटवरून उतरवून दिलेली प्रत मी मोबाईलवरच्या इम्युलेटरमध्ये (जुन्या यंत्राची नक्कल करणाऱ्या प्रोग्राममध्ये) घातली आणि वीस वर्षांहून अधिक काळानंतर तोच गेम पुन्हा खेळायला घेतला.

इम्युलेटरमध्ये फास्ट फॉरवर्डची, म्हणजे सारा खेळ अधिक वेगाने पळवण्याची सोय असते. सुरुवातीचे संवाद लांबलेले वाटले, लढाया एकसारख्या वाटल्या, म्हणून पहिल्या तासातच मी वेग चौपट केला आणि तो शेवटपर्यंत खाली आणला नाही. जो गेम पूर्वी मला अख्खी उन्हाळी सुट्टी पुरला होता, तो सहा दुपारींत संपला. संपल्यावर मला काहीच वाटले नाही, आणि ते न वाटणे मला इतके लागले की गेले चार दिवस मी त्याचाच विचार करतो आहे.

लहानपणी हा गेम मी कसा खेळलो, ते आठवून पाहिले. तेव्हा आमच्या गावात, रावेरच्या बाजूला, दिवसातले कित्येक तास भारनियमन असे. दूरदर्शन संच बंद, पंखा बंद, पण दोन पेन्सिल सेलांवर चालणाऱ्या या यंत्राला विजेचे काही सोयरसुतक नव्हते. त्या सेलांवर साधारण पंधरा तास खेळता येई. सेल मंदावले की आम्ही ते उन्हात ठेवत असू आणि आणखी थोडा वेळ काढत असू. पहिल्या गेमबॉय अ‍ॅडव्हान्सच्या पडद्याला स्वतःचा प्रकाश नव्हता (तो २००३ च्या एसपी मॉडेलमध्ये आला), त्यामुळे दिवेलागण झाली की खेळ आपोआप थांबे. दिवसा ओट्यावर उजेडाकडे पाठ करून बसायचे, २४० बाय १६० ठिपक्यांच्या त्या पडद्यावर सावली पडू द्यायची नाही, आणि कोणी हाक मारली की जिथे असू तिथे सेव्ह करून उठायचे.

हे 'जिथे असू तिथे सेव्ह' मला आज फार महत्त्वाचे वाटते. घरच्या दूरदर्शन संचाला जोडायच्या जपानी गेममध्ये बहुधा ठराविक ठिकाणी पोहोचल्याशिवाय सेव्ह करता येत नसे. हातात धरायच्या यंत्रांसाठी गेम करणाऱ्यांनी मात्र फार लवकर ओळखले की आपला खेळाडू गाडीत बसलेला आहे, रांगेत उभा आहे, आईच्या हाकेची वाट पाहतो आहे. तुकड्यातुकड्यांनी खेळला जाणार हे गृहीत धरूनच ते रचले गेले. मग आज मी तोच गेम सलग आणि चौपट वेगाने खेळलो, तेव्हा तोच गेम खेळलो असे म्हणता येईल का? ज्यांनी असे जुने गेम अलीकडे पुन्हा खेळले आहेत, त्यांनी आपला अनुभव सविस्तर लिहावा. प्रती कुठून उतरवाव्यात याचे दुवे कृपया या धाग्यावर देऊ नयेत.

गिरणाखोरे (चाळीसगाव)
१० मे, रात्री ११.१५

तापीकाठ, तुमचे दुःख मला समजते, पण त्याचा दोष मी वेगाला देणार नाही. जुन्या गेममधला बराचसा संथपणा कोणी विचारपूर्वक ठेवलेला नव्हता. तो यंत्राच्या मर्यादेतून आलेला होता. १९८९ च्या पहिल्या गेमबॉयमध्ये १६० बाय १४४ ठिपके होते आणि रंगाच्या चार छटा होत्या. त्यावर एक खिडकी उघडून मिटायलाही वेळ लागे, आणि तो वेळ कोणत्याही कथेचा भाग नव्हता.

त्याच वर्षी डिसेंबरमध्ये स्क्वेअर कंपनीने गेमबॉयसाठी 'मकाई तोशी सागा' काढला, जो अमेरिकेत 'द फायनल फँटसी लेजेंड' या नावाने गेला. अकितोशी कावाझू यांनी घडवलेला हा गेमबॉयवरचा पहिला रोल-प्लेइंग गेम, आणि दहा लाखांवर प्रती विकला गेलेला स्क्वेअरचा पहिला गेमही हाच. त्याची लांबी ठरवताना करणाऱ्यांनी सहा ते आठ तासांचे माप धरले होते, कारण तोक्योच्या नारिता विमानतळावरून होनोलुलूला जायला विमानाला साधारण तेवढाच वेळ लागतो. आपल्याकडच्या हिशोबाने सांगायचे तर भुसावळहून मुंबईला गाडीने जायला लागतो, जवळपास तेवढा वेळ. म्हणजे हे लोक खेळाडूच्या वेळेचा विचार करत होते आणि तो वाया जाऊ नये अशी त्यांचीही इच्छा होती.

त्या मालिकेचे पहिले तीन भाग २०२० मध्ये एकत्र पुन्हा निघाले, तेव्हा त्यांत वेग वाढवण्याची सोय कंपनीनेच दिली. 'फायनल फँटसी'च्या जुन्या भागांच्या पिक्सेल रिमास्टर नावाच्या नव्याने सजवलेल्या आवृत्त्या २०२३ मध्ये कन्सोलवर (खास गेमसाठीच्या यंत्रांवर) आल्या, तेव्हा त्यांत अवचित होणाऱ्या लढाया पूर्ण बंद करण्याचीही सोय होती. ज्यांचे गेम आहेत तेच जर असे म्हणत असतील, तर आपण अपराधी का वाटून घ्यावे? मी नोकरी करतो, रोज रेल्वेने जळगावला जाऊन येतो, घरी दोन लहान मुले आहेत. फास्ट फॉरवर्ड नसता तर गेल्या पाच वर्षांत मी यातला एकही गेम पूर्ण करू शकलो नसतो.

अनेरवाहिनी (शिरपूर)
११ मे, सकाळी ७.०५

गिरणाखोरे यांचा मुद्दा 'सागा'पुरता मला मान्य आहे. पण एक गेम असा आहे की ज्याच्यावर वेग वाढवून पाहिला की आपण काय गमावतो ते लगेच हाताला लागते. तो म्हणजे 'मदर ३'. शिगेसातो इतोई यांचा हा गेम २० एप्रिल २००६ रोजी जपानमध्ये गेमबॉय अ‍ॅडव्हान्सवर आला, म्हणजे त्याच कंपनीचे पुढचे यंत्र, निन्टेन्डो डीएस, बाजारात येऊन वर्ष उलटल्यानंतर. इंग्रजीत तो अधिकृतपणे कधीच निघाला नाही. चाहत्यांनी ऑक्टोबर २००८ मध्ये पूर्ण केलेल्या भाषांतरामुळे तो जपानबाहेरच्या बहुतेकांपर्यंत पोहोचला, आणि मीही तोच वाचला.

त्यातल्या लढाईत प्रत्येक शत्रूची स्वतःची धून वाजते आणि त्या धुनीच्या ठेक्यावर कळ दाबत गेले तर एकाच हल्ल्यात सोळापर्यंत वार करता येतात. काही धुनी सरळ आहेत, काही मध्येच लय बदलतात. शत्रूला झोप लागली की पाठचे संगीत गळून जाते आणि नुसता ठेका ऐकू येतो. म्हणजे ताल शिकणे हेच तिथले शस्त्र आहे. चौपट वेगात ते शस्त्र उरतच नाही. तुम्ही नुसते 'हल्ला' निवडत राहता आणि मग लढाया कंटाळवाण्या आहेत अशी तक्रार करता.

दुसरी गोष्ट जिवाच्या आकड्याची. या मालिकेत मार बसला की आकडा एकदम खाली येत नाही. जुन्या वीज मीटरवरच्या आकड्यांसारखा तो एकेक घर फिरत उतरतो, आणि प्राणघातक वार बसलेला असला तरी आकडा शून्यावर येण्याआधी औषध देता आले किंवा लढाई जिंकता आली, तर आपला माणूस वाचतो. त्या तीन-चार सेकंदांत छातीत जी धडधड होते, ती खरोखरच्या सेकंदांतून निर्माण केलेली आहे, आणि सेकंद आखडले की तीही जाते.

पुढचा परिच्छेद ज्यांनी हा गेम खेळलेला नाही त्यांनी कृपया सोडून द्यावा. पहिल्याच प्रकरणात फ्लिंट नावाच्या शेतकऱ्याला शेकोटीजवळ आपल्या पत्नीच्या मृत्यूची बातमी मिळते. तो जमिनीवर मुठी आपटतो, मग शेकोटीतले लाकूड उचलून भोवतालच्या माणसांवरच धावून जातो, कारण त्याला दुसरे काही सुचत नाही. पडद्यावरची ती चित्रे अंगठ्याच्या पेराएवढीही नाहीत. तिथे इतोई यांनी शब्दांपेक्षा थांबण्यावर भर दिला आहे. मी तो प्रसंग २०१० साली एकदा आणि माझ्या वडिलांच्या निधनानंतर २०२१ साली पुन्हा पाहिला. दुसऱ्या वेळी मी यंत्र बाजूला ठेवून बराच वेळ ओसरीवर बसून राहिले. कोणत्याही वाढीव वेगात तो प्रसंग मला पाहायचा नाही.

कळणाभाकर (जळगाव)
११ मे, दुपारी १.३०

मी एकोणीस वर्षांचा आहे आणि यांपैकी एकही गेम मी त्याच्या काळात खेळलेला नाही. माझा प्रश्न साधा आहे. तुम्ही सर्वजण 'पुन्हा' खेळता आहात, म्हणून तुम्हाला आठवणींची साथ आहे. माझ्यासारख्याने पहिल्यांदाच खेळायचे असेल तर कुठून सुरुवात करावी, आणि माझे इंग्रजी बेताचे आहे, ते पुरेल का?

पांझराकाठचा (धुळे)
११ मे, रात्री १०.२०

कळणाभाकर, इंग्रजीची काळजी करू नका. मी मराठी शाळेत सातवीत असताना 'पोकेमॉन गोल्ड' खेळलो आणि 'इव्हॉल्व्ह', 'पॅरलाइज', 'इफेक्टिव्ह' हे शब्द शाळेच्या पुस्तकात भेटण्याआधी मला तिथे भेटले. एकेक शब्द शंभर वेळा समोर येतो आणि दर वेळी त्याचा परिणाम डोळ्यांसमोर दिसतो, त्यामुळे शब्दकोश न उघडताही अर्थ बसतो. तुमच्यासाठी सुरुवात म्हणून मी तोच गेम सुचवेन.

आता मूळ विषयाकडे येतो. मी जुनी यंत्रे आणि कॅसेट दुरुस्त करतो, त्यामुळे या गेममधल्या वेळेशी माझा संबंध थोडा वेगळा, म्हणजे अक्षरशः हाताने शिवण्याचा आहे. १९९९ च्या 'गोल्ड' आणि 'सिल्व्हर'च्या कॅसेटमध्ये एक घड्याळ आहे. गेम बंद असला तरी ते चालू राहते आणि त्यावर गेममधले दिवस-रात्र आणि वार ठरतात. युनियन केव्ह या गुहेच्या तळाशी लॅप्रस हा पोकेमॉन फक्त शुक्रवारी भेटतो. नॅशनल पार्कमधली किडे पकडण्याची स्पर्धा मंगळवारी, गुरुवारी आणि शनिवारी भरते. चंद्रपर्वतावरचा क्लिफेरी या पोकेमॉनांचा नाच सोमवारी रात्री. आठवड्याच्या प्रत्येक वाराचे एकेक भावंड वेगवेगळ्या ठिकाणी उभे असते आणि आपापल्या वारीच भेटवस्तू देते. आपल्याकडे गावोगावच्या आठवडे बाजाराचे वार जसे लहानपणी पाठ असत, तसे मला हे वार पाठ होते. फास्ट फॉरवर्डने यातला शुक्रवार लवकर येत नाही, कारण बहुतेक इम्युलेटर मोबाईलचेच घड्याळ वापरतात. तो गेम तुम्हाला थांबायलाच लावतो.

हे घड्याळ आणि तुमचे सेव्ह या दोहोंना एकच छोटा सेल पोसतो, सीआर २०२५. घड्याळ अखंड चालत असल्यामुळे तो लवकर उतरतो, आणि उतरला की सेव्हही जाते. २००२ च्या 'रुबी' आणि 'सफायर'मध्ये हा दोष दूर झाला. तिथे सेव्ह फ्लॅश मेमरीत राहते आणि सीआर १६१६ सेल फक्त घड्याळापुरता असतो. म्हणून तो सेल संपला की गेम पडद्यावर तसे सांगतो आणि पुढे खेळता येते, फक्त वेळेवर अवलंबून असलेल्या घटना थांबतात.

ज्यांच्याकडे जुन्या कॅसेट आहेत त्यांना कळकळीची विनंती. सेल नुसता ठेवलेला नसतो, त्याच्या पट्ट्या पाटीवर डाख दिलेल्या असतात. पट्टी लावलेलाच नवा सेल घ्या, साध्या सेलवर थेट डाख देऊ नका, कारण उष्णतेने सेल फुटू शकतो. सेल काढला की सेव्ह पुसले जाते, म्हणून आधी सेव्ह संगणकावर उतरवून घ्या. गेल्या वर्षी एका दुकानाने एका मुलाच्या कॅसेटचा सेल न विचारता बदलून दिला आणि त्याच्या थोरल्या भावाचे जुने सेव्ह कायमचे गेले. तो भाऊ आता हयात नाही. ती कॅसेट माझ्याकडे आली तेव्हा माझ्या हातात करण्यासारखे काही उरले नव्हते.

तापीकाठ (भुसावळ)
१२ मे, रात्री ९.००

पांझराकाठचा, तुमच्या शेवटच्या परिच्छेदानंतर काल मला काहीच लिहिता आले नाही. मी माझ्या कॅसेटचे सेव्ह उतरवून घेतले होते याबद्दल तुमचा पुन्हा एकदा ऋणी आहे.

अनेरवाहिनीताईंचे वाचून मी काल 'गोल्डन सन' पुन्हा सुरू केला, या वेळी मूळ वेगाने. पहिल्या दोन तासांतच मी काय ओलांडून गेलो होतो ते दिसले. कॅमेलॉट कंपनीने २००१ साली केलेल्या या गेममध्ये सायनर्जी नावाची शक्ती आहे. तिने दूरचा खांब सरकवता येतो, वेल वाढवता येते, साचलेल्या पाण्याचे बर्फाचे खांब करता येतात, आणि गेममधली बहुतेक कोडी अशाच गोष्टींनी सुटतात. पण आयव्हन नावाच्या मुलाकडे मन वाचण्याची सायनर्जी आहे. ती लढाईत कामाची नाही. गावातल्या कोणत्याही माणसासमोर उभे राहून ती वापरली की तो माणूस तोंडाने जे बोलला त्याच्या मागे मनात काय चालले आहे ते वाचता येते. माणसेच काय, कुत्र्या-गुरांच्या मनातलेही वाचता येते. म्हणजे लेखकांनी जवळजवळ प्रत्येक पात्रासाठी दोन-दोन संवाद लिहिले, आणि दुसरा संवाद फक्त त्यालाच मिळतो जो थांबून विचारतो. चौपट वेगात मी एकाही माणसाचे मन वाचले नव्हते. गोष्ट पुढे नेण्यासाठी जेवढे सक्तीचे होते तेवढेच मी घेतले आणि गेममधली माणसे तशीच सोडून आलो.

लहानपणी मात्र मी एकेका माणसाचे मन वाचत असे, त्याचे एक कारण आमची आजी होती. तिला पडद्यावरचे काही दिसत नसे. मी संध्याकाळी तिला दिवसभराची गोष्ट अहिराणीत सांगायचो आणि ती ज्वारी निवडता निवडता विचारायची, "मंग पुढे काय व्हयनं?" तिला लढायांत रस नव्हता. कोणत्या गावातली बाई मनात काय म्हणाली, हेच तिला हवे असे. तेव्हा उद्या आजीला काय सांगायचे यासाठी मी दिवसा माणसे गोळा करत होतो, असेच म्हणावे लागेल.

दुसरी आठवण सांकेतिक अक्षरांची. पहिल्या भागात मिळवलेले सारे दुसऱ्या भागात, 'द लॉस्ट एज'मध्ये, न्यायचे असेल तर दोन यंत्रे आणि जोडणारी केबल लागे, नाहीतर संकेतशब्द. सर्वात पूर्ण संकेतशब्द २६० अक्षरांचा होता आणि त्यात इंग्रजीची मोठी-लहान अक्षरे, आकडे आणि चिन्हे मिसळलेली होती. माझ्याकडे दुसरे यंत्र असण्याचा प्रश्नच नव्हता. २००५ च्या दिवाळीत मामेभावाने दुसरा भाग आणला, तेव्हा माझी ताई एकेक अक्षर वाचत गेली आणि मी शंभर पानी वहीत उतरवत गेलो. पहिल्यांदा कुठेतरी मोठ्या 'एस'ऐवजी लहान लिहिला गेला आणि गेमने सारा संकेतशब्द नाकारला. दुसऱ्या दिवशी जागा बदलून मी वाचले आणि तिने लिहिले, तेव्हा तो बरोबर आला. अठ्ठावीसच्या अठ्ठावीस जिन (गेममध्ये गोळा करायचे, शक्ती देणारे छोटे जीव) दुसऱ्या भागात पोहोचलेले पाहून ताईने आईला स्वयंपाकघरातून बोलावून आणले होते. निन्टेन्डोच्या स्विच ऑनलाइन सेवेवर जानेवारी २०२४ पासून हे दोन्ही भाग आहेत, पण ती वही अजून माझ्याजवळ आहे.

सातपुडा_वाट (शहादा)
१३ मे, रात्री ८.४५

वेगाइतकाच महत्त्वाचा प्रश्न सेव्ह स्टेटचा, म्हणजे इम्युलेटरमध्ये कोणत्याही क्षणाची स्थिती साठवून हवे तेव्हा तिथे परतण्याच्या सोयीचा आहे, आणि त्याबद्दल माझे मत अधिक कडक आहे. 'फायर एम्ब्लेम'मध्ये लढाईत मेलेला शिपाई परत येत नाही. २००३ मध्ये गेमबॉय अ‍ॅडव्हान्सवर आलेला जो भाग इंग्रजीत गेलेला या मालिकेतला पहिला भाग ठरला, लिन, एलिवुड आणि हेक्टर यांचा, त्यात प्रत्येक चालीनंतर गेम स्वतःच स्थिती नोंदवून ठेवतो. यंत्र बंद करून पुन्हा सुरू केले आणि तीच चाल केली तर निकालही तोच लागतो, कारण पुढे येणारे यादृच्छिक आकडेही त्या नोंदीत असतात. सेव्ह स्टेट त्या साऱ्याला बगल देते. प्रत्येक चुकीनंतर मागे जाता आले की मग पुढे सरकताना कोणाला आघाडीवर ठेवायचे आणि कोणाला मागे, याचा निर्णय हा निर्णयच राहत नाही.

आणि हे करणारे निर्दय नव्हते. त्या गेममध्ये नेम लागण्याची जी टक्केवारी दिसते ती खरी नसते. आतमध्ये दोन आकडे काढून त्यांची सरासरी पाहिली जाते, त्यामुळे ९० टक्के दाखवले असेल तेव्हा प्रत्यक्षात सुमारे ९८ टक्के शक्यता असते, आणि १० टक्के दाखवले असेल तेव्हा जेमतेम दोन. नव्वद म्हणजे जवळजवळ नक्कीच, अशी जी माणसाची समजूत असते, तिला हिशोब जुळवून दिलेला आहे. इतक्या काळजीने तोललेल्या खेळाला सेव्ह स्टेट लावणे मला पटत नाही.

'फायनल फँटसी टॅक्टिक्स अ‍ॅडव्हान्स'बद्दल एक वेगळी गोष्ट. त्यात चार मुले एका जुन्या पुस्तकामुळे आयव्हॅलिस नावाच्या जगात जातात. मार्शच्या लहान भावाला, डोनेडला, आपल्या जगात चालता येत नाही, तिथे तो धावतो. म्यूटची आई वारलेली आहे, तिथे ती राणी आहे. आणि मार्श ते जग मोडून घरी परतायला निघतो. चौदाव्या वर्षी मला मार्श दुष्ट वाटला होता. आता मी विशेष गरजा असलेल्या मुलांना शिकवतो, आणि मागच्या महिन्यात तो गेम पुन्हा खेळताना माझे लक्ष मार्शवर नव्हतेच. डोनेड त्याला विचारतो की तुला परत जायचे आहे, पण माझे काय, आणि त्या प्रश्नाला गेमने दिलेले उत्तर मला आजही अपुरे वाटते. मार्श म्हणतो की मलाही हेवा वाटत होता, सगळे तुझ्याकडेच लक्ष देत. ते प्रामाणिक आहे, पण ते डोनेडच्या प्रश्नाचे उत्तर नाही. ज्यांना हा प्रसंग वेगळा वाटला असेल त्यांनी जरूर लिहावे.

गिरणाखोरे (चाळीसगाव)
१४ मे, सकाळी ६.५०

गाडीत बसून लिहितो आहे. 'मदर ३'बद्दल आणि 'गोल्डन सन'मधल्या मन वाचण्याबद्दल मी माझे म्हणणे मागे घेतो. तिथे वेळ हा गेमचा भाग आहे. सातपुडा_वाट, तुमच्याशी मात्र माझे मतभेद कायम आहेत. जो रोज रात्री अर्धा तासच खेळू शकतो, त्याने एका चुकीसाठी आठवडाभराचे अध्याय पुन्हा खेळावेत ही अपेक्षा विद्यार्थिदशेतली आहे. मी सेव्ह स्टेट वापरतो, पण शिपाई मेल्यावर नाही, मुलगा रडायला लागल्यावर.

'ड्रॅगन क्वेस्ट ५'चे नाव अजून कोणी घेतले नाही याचे आश्चर्य वाटते. मूळचा १९९२ चा हा गेम २००८ मध्ये निन्टेन्डो डीएसवर आला आणि आज मोबाईलवरही अधिकृतरीत्या विकत मिळतो. युजी होरी यांनी त्यात एका माणसाचे अख्खे आयुष्य घातले आहे. मुलगा वडिलांचे बोट धरून प्रवास करतो, वडील त्याच्या डोळ्यांसमोर मारले जातात, तो दहा वर्षे गुलामीत दगड वाहतो, सुटतो, लग्न करतो, त्याला जुळी मुले होतात. कॉलेजात असताना मी नायकाच्या जागी होतो आणि कोणाशी लग्न करावे याचाच विचार केला. गेल्या पावसाळ्यात खेळलो तेव्हा सुरुवातीच्या भागात मी वडिलांकडे पाहत होतो. मुलगा शत्रूसमोर पडला की ते आपली चाल सोडून त्याला बरे करतात, तुम्ही सांगा किंवा न सांगा. विशीत मला वाटले होते की सुरुवातीचा भाग सोपा जावा म्हणून केलेली ही सोय आहे.

त्या भागात मी फास्ट फॉरवर्डला हात लावला नव्हता, हे आत्ता लिहिताना लक्षात येते आहे. पाचोरा आले. उरलेले संध्याकाळी.

अनेरवाहिनी (शिरपूर)
१४ मे, दुपारी ४.१०

सातपुडा_वाट, डोनेडच्या प्रसंगाबद्दल मी तुमच्याशी सहमत आहे. पण मला वाटते की मार्शने उत्तर देऊ नये हेच तिथे बरोबर आहे. तो स्वतःच मुलगा आहे, आणि भावाच्या अपंगत्वावर शहाणपणाचे वाक्य त्याच्या तोंडी घातले असते तर ते मोठ्या माणसांनी लिहिल्यासारखे झाले असते. यावर स्वतंत्र धागा काढलात तर मी लिहीन.

तापीकाठ (भुसावळ)
१ जून, रात्री ८.३०

दोन आठवडे लिहिले नाही, कारण खेळत होतो. 'गोल्डन सन' मूळ वेगाने अर्धा झाला आहे. एक तडजोड केली, ती सांगतो. जिथे वाट आधीच उलगडलेली आहे आणि फक्त मागे चालत जायचे आहे, तिथे वेग दुप्पट करतो. गावात आणि लढाईत नाही. गिरणाखोरे यांचा यंत्राच्या मर्यादेचा मुद्दा मला त्या चालण्यापुरता पूर्ण पटला आहे.

ताई सुट्टीला आली आहे. तिच्या मुलाला, म्हणजे माझ्या अकरा वर्षांच्या भाच्याला, मी 'मदर ३' दाखवला. तो शाळेच्या ढोल पथकात आहे. ठेक्यावर कळ दाबायची एवढेच सांगितले, तर पहिल्याच संध्याकाळी त्याचे अकरा वार सलग बसले आणि माझे अजून सातापुढे जात नाहीत. गोष्ट त्याला मराठीतून सांगावी लागते, म्हणून मी संवाद वाचतो आणि लढायांची जबाबदारी त्याची, अशी वाटणी झाली आहे. शेकोटीचा प्रसंग परवा येईल. त्याला आधी काही सांगावे की सांगू नये, हे ताईने माझ्यावर सोपवले आहे आणि माझे अजून ठरलेले नाही.

पांझराकाठचा, एक काम आहे. ताईला तिच्या सासरी जुन्या सामानात 'पोकेमॉन गोल्ड'ची कॅसेट सापडली, तिच्या दिराची आहे. गेम सुरू होतो आणि सेव्हही अजून शाबूत दिसते, पण सेल किती दिवस टिकेल याचा भरवसा नाही. येत्या रविवारी मी ती घेऊन धुळ्याला येतो. तोपर्यंत ती यंत्रात घालून सुरू करून पाहू की तशीच ठेवू, तेवढे कळवावे.